अंगठा, सही आणि आडोसा

वाचकहो, हा धडा तुम्ही वाचता आहात, म्हणजे तुम्हाला आता अक्षरे लागतात. सहीही येते. पहिली सही केली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आम्हाला तर आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एकेकाचा आठवतो. पासष्टीच्या एक आजी होत्या. पाटीवर स्वतःचे नाव लिहून झाल्यावर त्या कितीतरी वेळ नुसत्या त्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, आता अंगठ्याला शाई लागायची न्हाई."

शाई लागली नाही, हे खरे. पण अंगठा काही सुटला नाही. पुढच्याच महिन्यात आजी रेशनच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने छोटे मशीन पुढे केले. "आजी, अंगठा ठेवा." आजी म्हणाल्या, "मला सही येते." दुकानदार म्हणाला, "सही चालत नाही. अंगठाच लागतो."

त्या रात्री आजींनी वर्गात दोन प्रश्न विचारले. "गुरुजी, मग शिकून उपेग काय झाला? आणि हा अंगठा जातो कुठं?"

पहिल्याचे उत्तर आम्ही तेव्हाच देऊन टाकले. मास्तरांकडे ते तयारच असते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला आम्हाला बराच वेळ लागला. इकडे तिकडे विचारले, वाचले, शहाण्या माणसांना भेटलो. जे कळले ते येथे सांगतो.

अंगठा आधी कोणी घेतला?

बोटाच्या टोकावर बारीक रेघा असतात. दिव्याजवळ धरून पाहा. या रेघा प्रत्येकाच्या निराळ्या. जुळ्या भावांच्यासुद्धा सारख्या नसतात. लहानपणी जशा असतात तशाच म्हातारपणी असतात. कामाने झिजतात, पण बदलत नाहीत.

आधुनिक काळात या गोष्टीचा सरकारी कामासाठी पद्धतशीर उपयोग प्रथम आपल्याच देशात झाला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने एका कंत्राटदाराशी करार केला आणि कागदावर त्याच्या सबंध हाताचा ठसा घेतला. का? तर उद्या हा म्हणायला नको की ही सही माझी नव्हे. पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. तिथे ठसे लावून ठेवण्याची आणि हवा तो ठसा शोधण्याची पद्धत बसवली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कामगारांनी. पद्धतीला नाव मात्र पडले त्यांच्या साहेबाचे. असो.

म्हणजे अंगठा घेण्यामागे पहिल्यापासून दोन हेतू. एक, माणसाच्या शब्दावर विश्वास नाही म्हणून. दोन, गुन्हेगार धरायचा म्हणून. आपल्या भल्यासाठी अंगठा घ्यायचा ही गोष्ट फार नंतरची.

आपल्या बापजाद्यांना तर अंगठा म्हटले की सावकारच आठवे. कागदात काय लिहिले आहे ते सावकार जाणे. आपण खाली अंगठा उठवायचा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारात शेतकरी उठले. तेथून दंगा आजूबाजूच्या गावांत पसरला. लोकांनी मागितले काय? कर्जरोखे. सावकाराच्या घरातून ते कागद काढले आणि जाळले. माणसांना मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. त्यांना वाचता येत नव्हते, पण एक गोष्ट त्यांना नेमकी कळली होती. ज्याच्या पेटीत आपला कागद, त्याच्या मुठीत आपण. सरकारलाही ते कळले असावे. १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आता कागद नाही. पेटीही नाही. पण नोंद आहे.

मशीनमध्ये काय होते?

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज शंभर कोटींहून अधिक लोकांकडे तो बारा आकड्यांचा क्रमांक आहे. कार्ड काढताना तुमच्याकडून काय काय घेतले ते आठवा. नाव, पत्ता, जन्मतारीख. दहा बोटांचे ठसे. दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र. चेहऱ्याचा फोटो. हे सगळे दूरच्या मोठ्या संगणकांत साठवलेले असते. अशा साठवलेल्या नोंदींनाच 'डेटा' म्हणतात. मोबाईलवाला ज्याला डेटा संपला म्हणतो तो निराळा. तो म्हणजे इंटरनेटचा वाटा. आपण बोलतो आहोत ते नोंदींबद्दल.

तुम्ही दुकानात मशीनवर अंगठा ठेवता, तेव्हा तो ठसा तारेशिवाय त्या संगणकाकडे जातो. संगणक आपल्याकडचा ठसा काढून ताडून पाहतो आणि उत्तर देतो: होय, हाच तो माणूस, किंवा, नाही. दुकानदाराला तुमचा अंगठा मिळत नाही, त्याला फक्त उत्तर मिळते. पण विचारणा झाली, कोणत्या खात्याने केली, किती वाजता केली, याची नोंद मागे राहते. ती पाच वर्षे ठेवायची असा आधी नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले, सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका.

यात चांगले काही नाही का? आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचलणारे आम्ही पाहिले आहेत. मजुरी मुकादमाच्या हातून न येता थेट खात्यात येते, ही लहान गोष्ट नव्हे. हे आम्ही नाकारत नाही. पण मशीन चुकतेही. ऊस तोडणाऱ्याची, भांडी घासणाऱ्या बाईची बोटे झिजलेली असतात. आमचीही बोटे खडूने झिजली आहेत. पेन्शनच्या वेळी मशीन कधी आम्हाला ओळखते, कधी ओळखत नाही. अंगठा उठला नाही म्हणून कोणाचा हक्क नाकारू नये, दुसरा मार्ग काढावा, अशी लेखी सूचना आधारच्या प्राधिकरणाने २०१७ सालीच दिलेली आहे. दुकानदार "जा, नंतर ये" म्हणाला तर हे त्याला सांगा.

आता एक अडचण सांगतो. आपल्या घराची किल्ली चोरीला गेली तर आपण कुलूप बदलतो. अंगठा चोरीला गेला तर? अंगठा बदलता येत नाही. आणि अंगठा चोरीला जातो बरे का. २०१८ साली तेलंगणात एक प्रकरण उघडकीस आले. एका सिमकार्ड विकणाऱ्याने जमीन खरेदीच्या दस्तांवरचे अंगठे उचलले. ते दस्त नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसत होते. त्यावरून त्याने रबराचे ठसे बनवले आणि लोकांच्या नावाने हजारो सिमकार्डे चालू केली. ज्यांचे अंगठे होते त्या लोकांना गंधही नव्हता. त्यांनी काय केले होते? जमिनीचा व्यवहार केला होता, एवढेच.

"आमच्याकडं लपवायसारखं काय हाय?"

हा धडा वर्गात वाचून दाखवला, तेव्हा एक दादा उठले. ते म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडं लपवायसारखं काय हाय? चोरी केली न्हाई, तर बघू द्या की सरकारला काय बघायचं ते."

पुष्कळांना असेच वाटते. आम्हीही एकेकाळी असेच म्हणत होतो. आम्ही त्यांना विचारले, "दादा, तुमच्या परसात न्हाणी आहे. तिला पोत्याचा आडोसा लावला आहे. आत काय चोरी चालते?" वर्ग हसला. दादाही हसले.

आडोसा चोरासाठी नसतो. माणसाला माणसासारखे राहता यावे म्हणून असतो. नवराबायकोचे बोलणे, घरातले आजारपण, कोणाकडून किती उसने घेतले, मत कोणाला दिले, हे सगळे आडोशाचे असते. पुस्तकी भाषेत याला 'खासगीपणा' म्हणतात. आम्हाला आडोसा हा शब्द जास्त आवडतो.

दादांनी आणखी एक मुद्दा काढला, तो मात्र खरा होता. ते म्हणाले, गावात तसेही कोणाचे काय लपते? एस.टी.च्या फाट्यावर बसणाऱ्याला ठाऊक असते कोण तालुक्याला गेला, कोणाकडे पाहुणे आले. अगदी बरोबर. पण गावात शेजारीण आपल्या घरात डोकावते, तशी आपणही तिच्या घरात डोकावतो. कोणाला काय ठाऊक आहे, ते आपल्यालाही ठाऊक असते. नको तिथे बोलली तर आपण तिला दोन शब्द सुनावतो. कंपनीच्या किंवा खात्याच्या घरात आपल्याला डोकावता येत नाही. त्यांना आपल्याबद्दल काय ठाऊक आहे, हे आपल्याला कधीच कळत नाही. आणि शेजारीण विसरते. संगणक विसरत नाही.

मोबाईलचेच पाहा. तो खिशात नुसता चालू असला तरी जवळच्या टॉवरला 'मी येथे आहे' असे सांगत राहतो. त्याशिवाय तुम्हाला फोन लागणारच नाही. तुम्ही कोणाला फोन केला, किती वाजता, किती वेळ बोललात, कोणत्या टॉवरखाली होता, हे कंपनीकडे राहते. काय बोललात ते राहत नाही. पत्राच्या पाकिटासारखे हे आहे. आतली चिठ्ठी पोस्टमन वाचत नाही, पण वरचा पत्ता आणि शिक्का त्याला दिसतो. नुसत्या पाकिटांवरूनही पुष्कळ कळते. समजा, एका बाईने रात्री तालुक्याच्या डॉक्टरला फोन केला. सकाळी पुण्याच्या मोठ्या दवाखान्याला केला. दुपारी माहेरी भावाला, मग सोनाराला. ती काय बोलली हे कोणी ऐकले नाही. तुम्ही ओळखले की नाही तिच्या घरी काय चालले आहे?

रात्री दार ठोठावणारा चौकीदार

सरकारने पाळत ठेवावी की नाही? ठेवावीच लागते. बाँब ठेवणाऱ्यावर, पोरे पळवणाऱ्यावर नजर नको का? पण पाळत एकदा चुकीच्या माणसाला चिकटली की काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच देशातली आहेत.

इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला. त्यात कित्येक जातीजमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पोर पाळण्यात असते, पण त्याची जमात सरकारच्या यादीत असते. पुढे आपल्याकडेही तो कायदा लागू झाला. नोंदणी, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी. गाव सोडायचे तर पास. सोलापुरात अशा लोकांना कुंपणाच्या आत वसवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर तो कायदा रद्द झाला, म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात. यादी रद्द झाली. पण कोठे चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या पालावर जातात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातले. खरक सिंग नावाच्या माणसाला १९४१ साली दरोड्याच्या गुन्ह्यात धरले. पुरावा नव्हता, म्हणून सोडले. पण पोलीस ठाण्यात त्याच्या नावाची वही उघडली ती उघडलीच. खरक सिंगाचे म्हणणे असे: चौकीदार आणि शिपाई रात्री येतात, दार ठोठावतात, ओरडतात, झोपेतून उठवतात. परगावी जायचे तर कोठे जाणार, कधी परत येणार, हे चौकीदाराला सांगावे लागते. मग त्या गावचे पोलीस तिथे नजर ठेवतात. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली निकाल लागला. रात्री घरी जाऊन उठवणे बेकायदा ठरले. बाकीची पाळत मात्र राहिली, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत लिहिलेला नाही, असे बहुतेक न्यायमूर्तींचे मत पडले. सहांपैकी दोघांचे मत निराळे होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी म्हटले की खासगीपणा हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. शहा नावाचे दुसरे न्यायमूर्ती त्यांच्या बाजूने होते. दोघांचे मत हरले.

हरले, पण मेले नाही. पन्नास वर्षांनी, २०१२ साली, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा त्यांचे वय ८६ होते. या वयात माणूस काठी शोधतो, त्यांनी वकील शोधला. सरकारतर्फे कोर्टात सांगितले गेले की खासगीपणा हा मूलभूत हक्क नाहीच. मग नऊ न्यायमूर्ती बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ जणांनी एकमताने सांगितले: खासगीपणा हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. खरक सिंगाच्या निकालातला तो भाग रद्द झाला. पुट्टस्वामी २०२४ साली वारले. स्वतःचा निकाल त्यांना पाहायला मिळाला.

हक्क आहे म्हणजे सरकारने काहीच पाहू नये असे नव्हे. न्यायालयाने अटी घातल्या. आमच्या भाषेत सांगायचे तर: पाहायचे असेल तर त्याला कायदा हवा. काम रास्त हवे. आणि कामापुरतेच पाहावे. ढेकूण झाले म्हणून कोणी घर पेटवत नाही.

फोन चोरून ऐकण्याचेही असेच आहे. तारेच्या जमान्यात, १८८५ साली केलेला कायदा आपल्याकडे फार वर्षे चालला. २०२३ साली त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा झाला. पण फोन ऐकायचे मुख्य नियम १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले. गृहखात्याच्या सचिवाचा लेखी हुकूम हवा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक शांतता अशी मोठी कारणे हवीत. हुकूम दोन महिने चालतो, वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे नाही. फार तातडी असेल तर वरिष्ठ पोलीस अधिकारी हुकूम काढू शकतो, पण त्याला मागाहून मंजुरी लागते. ठाण्याच्या फौजदाराला वाटले म्हणून कोणाचा फोन ऐकता येत नाही. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यापाऱ्याच्या बाबतीत असे हुकूम रद्द केले. त्याच्यावर लाच दिल्याचा आरोप होता. पण फोन ऐकण्याइतके मोठे कारण तेथे नव्हते, असे न्यायालय म्हणाले आणि उतरवून घेतलेली संभाषणे नष्ट करायला सांगितली.

एक गोष्ट मात्र आम्हाला पटत नाही. हे हुकूम बरोबर आहेत का, हे तपासायला समिती असते. त्या समितीत सरकारचेच सचिव असतात. न्यायाधीश नसतो. आम्ही तीस-पस्तीस वर्षे परीक्षा घेतल्या. ज्याने पेपर लिहिला त्याच्याच भावाकडे तो तपासायला दिला, असे कधी केले नाही.

२०२३ साली माणसांच्या नोंदी सांभाळण्याचाही कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ते एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने लागू करायचे आहेत. त्या कायद्याप्रमाणे तुमची माहिती घेणाऱ्याने कशासाठी घेतो ते साध्या भाषेत सांगायचे, मराठीतही सांगायचे. दिलेली संमती तुम्हाला परत घेता येते. निष्काळजीपणाने माहिती बाहेर गेली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड मोठा आहे. पण सरकारला आपल्या काही खात्यांना या कायद्यातून सूट देता येते, हेही त्याच कायद्यात आहे. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

आमची फजिती

शहाणपण सांगणाऱ्या आमचीच एकदा कशी फजिती झाली ते ऐका. काही वर्षांपूर्वी आम्ही नवे सिमकार्ड घ्यायला एका दुकानात गेलो. दुकानदार आमचाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, आधारची झेरॉक्स द्या. दोन द्या. अंगठा पुन्हा ठेवा, पहिला नीट उठला नाही." आम्ही दोन झेरॉक्स दिल्या. अंगठा दोनदा ठेवला. चहाही पाजला त्याने.

पुढे संचार साथी नावाच्या सरकारी सोयीची माहिती कळली. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते तिथे दिसते. नातीने पाहिले. आमच्या नावावर तीन. आमचे एकच. बाकीचे दोन नंबर कोण वापरतो, काय बोलतो, कोणाला फसवतो, देव जाणे. आणि कागदोपत्री तो माणूस म्हणजे आम्ही. त्या रात्री झोप आली नाही. दाराची कडी वाजली की वाटे, पोलीस आले. खरक सिंगाची थोडी कल्पना आली. तिथेच 'हे नंबर माझे नाहीत' असे कळवायची सोय होती, ती वापरली. दोन्ही बंद झाले.

"पहिला नीट उठला नाही" हे वाक्य कोणी म्हटले की आता आम्ही विचारतो, मशीनवर काय लिहून आले ते दाखव. ते वाचता येणे, आजी, हाच शिकल्याचा उपेग.

म्हणून वर्गात आम्ही एक दिवस फक्त झेरॉक्सचा धडा घेतला. प्रत्येकाने आपल्या झेरॉक्सवर, छापलेल्या मजकुरावरून आडवे लिहायचे: 'फक्त अमुक कामासाठी दिली.' तारीख. सही. लिहिलेली झेरॉक्स दुसऱ्या कामाला लावणे अवघड जाते. अगदी जमणारच नाही असे नव्हे, पण अवघड जाते. आधारची एक अशीही प्रत निघते, तिच्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. पुष्कळ ठिकाणी तेवढी पुरते. आधारच्या ॲपमधून बोटांच्या ठशांना कुलूपही लावता येते. मात्र रेशनला जाण्याआधी ते उघडायला विसरू नका, नाहीतर रिकामी पिशवी घेऊन परत याल आणि आम्हाला बोल लावाल.

आधार कोठे सक्तीचे आहे हे विचारा. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी अनुदान आणि योजनांसाठी सरकार आधार मागू शकते. बँकेत खाते उघडायला किंवा सिमकार्डाला त्याची सक्ती नाही. तुम्ही खुशीने दिले तर चालते, पण दुसरे ओळखपत्रही चालते. आधार नाही म्हणून पोराला शाळेत घेत नाही, असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे.

फोनवर आलेला आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो कोणालाही सांगू नये. हे तुम्ही शंभरदा ऐकले असेल. अलीकडे एक नवे निघाले आहे. फोनवर चित्रात पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस दिसतो. म्हणतो, "तुमच्या आधारवर गुन्हा निघाला आहे. तुम्हाला फोनवरच अटक केली आहे. हलू नका, कोणाला सांगू नका, पैसे पाठवा." आपल्यावर पाळत आहे या भीतीचाच हा धंदा. फोनवर अटक असा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवून द्या आणि शेजाऱ्याला हाक मारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा. आधारबद्दल तक्रार असेल तर नंबर १९४७. स्वातंत्र्याचे साल, म्हणजे लक्षात राहील.

परवा आमच्या गावात एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. "सर्वे आहे. आधारची झेरॉक्स द्या आणि येथे अंगठा ठेवा. फुकट कुकर मिळणार आहे." आजी ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी विचारले, "कशाचा सर्वे? कुठलं खातं? कागद दाव." त्याने ओळखपत्र पुढे केले. आजींनी चष्मा लावून एकेक अक्षर लावत ते वाचले. वर नुसते 'प्रतिनिधी' एवढेच लिहिले होते. कोणाचा, ते नव्हते. "बाळा, कुणाचा प्रतिनिधी?" तो म्हणाला, "आजी, तुम्हाला नको असेल तर राहू द्या."

तो तसाच पुढे वरच्या आळीला गेला. तिथे त्याला सात झेरॉक्स मिळाल्या. संध्याकाळी आजी पाटी घेऊन वर्गात आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर वरच्या आळीच्या दोन सुना होत्या.